स्थायू आणि वायू यांचा द्रव कसा करतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्थायू तापवला की वितळतो, वायू थंड केला की द्रव होतो. यापलीकडे आणखी काय माहीत असायला हवं?

दाब. वरचं वाक्य अर्धंच खरं आहे, आणि बहुतेक फसलेले प्रयोग उरलेल्या अर्ध्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे फसतात. पाणी रोजच्या ओळखीचं असल्याने प्रत्येक पदार्थ बर्फ, पाणी, वाफ याच क्रमाने जाणार असं आपण गृहीत धरतो. पण द्रवाला टिकून राहायला मिळणारी जागा फार मर्यादित असते. तापमान वितळणबिंदूच्या वर हवं, क्रांतिक तापमानाच्या (ज्याच्या वर कितीही दाबलं तरी वायूचा द्रव होत नाही) खाली हवं आणि दाब एका किमान पातळीहून जास्त हवा. ही किमान पातळी म्हणजे त्या पदार्थाच्या त्रिकबिंदूचा दाब. त्रिकबिंदू म्हणजे स्थायू, द्रव आणि वायू तिन्ही एकत्र टिकतात ते तापमान आणि तो दाब.

म्हणून कोणताही पदार्थ द्रवात आणायचा असेल तर आधी हे तीन आकडे शोधा आणि मगच भट्टी, शीतयंत्र किंवा पंप यांचा विचार करा. स्थायूच्या बाबतीत चौथी गोष्टही पाहावी लागते: वितळण्याआधीच तो जळतो किंवा त्याचं विघटन होतं का?

या पानावर दाब ‘वातावरण’ या एककात दिला आहे. १ वातावरण म्हणजे समुद्रसपाटीवरचा हवेचा नेहमीचा दाब.

वितळायला लागल्यावर तापमान वाढायचं का थांबतं? आच तर चालूच असते.

आत जाणारी उष्णता कणांचा वेग वाढवण्याऐवजी त्यांची बांधलेली रचना मोकळी करण्यात खर्च होते. थर्मामीटरला ती दिसत नाही, म्हणून तिला अप्रकट उष्मा म्हणतात. ०° से. चा १ ग्रॅम बर्फ वितळवायला ३३४ जूल लागतात. तेच १ ग्रॅम पाणी १ अंशाने तापवायला ४.१८ जूल पुरतात. म्हणजे बर्फाचं नुसतं पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात ते पाणी शून्यापासून जवळजवळ ८० अंशांपर्यंत तापलं असतं.

हे हाताने करून पाहण्यासारखं आहे. ४०° से. चं ५०० ग्रॅम पाणी पातळ भिंतीच्या भांड्यात घ्या. फ्रीजरमधून काढलेला बर्फ लगेच वापरू नका, तो सुमारे −१८° से. चा असतो. पृष्ठभाग ओला आणि चकचकीत दिसेपर्यंत त्याला बाहेर राहू द्या, मग कापडाने टिपून १०० ग्रॅम मोजा, पाण्यात टाका आणि सतत ढवळा. शेवटचा तुकडा नाहीसा होताना तापमान २०° से. च्या आसपास आलेलं असेल. बर्फाऐवजी ०° से. चं पाणी ओतलं असतं, तर हेच उत्तर ३३ अंश आलं असतं. मधले १३ अंश अप्रकट उष्म्याने खाल्ले.

थर्मामीटर २१-२२ दाखवत असेल तर बहुधा बर्फाला चिकटलेलं पाणी नीट टिपलेलं नसतं, किंवा जाड भांड्याने स्वतःची उष्णता मिश्रणात सोडलेली असते. बर्फ फ्रीजरमधून थेट टाकला असेल तर उत्तर दीड अंशाने खाली घसरतं.

मेण वितळवण्याची बरोबर पद्धत कोणती?

पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून. पॅराफिन मेण प्रकारानुसार साधारण ४६ ते ६८° से. ला वितळतं आणि उकळतं पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे मेण जास्त तापण्याचा प्रश्नच उरत नाही. थेट आचेवर ठेवलं तर मेण पाण्यासारखं उकळून इशारा देत नाही. ते मुकाट्याने तापत राहतं, २०० अंशांच्या आसपास त्याची वाफ पेट घेण्याजोगी होते आणि दिसणारी पहिली खूण म्हणजे पांढरट धूर. धूर दिसला की आच लगेच बंद करा. पेटलंच तर वर झाकण ठेवा. पाणी कधीही टाकू नका: ते जड असल्याने मेणाखाली जातं, क्षणात त्याची वाफ होते आणि पेटतं मेण चहूकडे उडतं.

दुसरी चूक कमी लोकांना माहीत असते. मेण वितळताना साधारण दहा टक्क्यांनी किंवा त्याहूनही जास्त फुगतं. डब्यात गोठलेला अख्खा गठ्ठा खालून तापवला, तर तळाशी द्रव झालेल्या मेणाला वाढायला जागा नसते, कारण वर स्थायू मेणाचं बूच बसलेलं असतं. मग ते कडेची फट शोधून पिचकारीसारखं बाहेर येतं. म्हणून मेण आधी बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यांत फोडा. गठ्ठा डब्यातून निघतच नसेल, तर गरम सळईने वरपासून तळापर्यंत एक भोक पाडून मगच आच लावा.

धातू वितळवताना नेमकं कुठे बिघडतं?

वितळणबिंदू गाठण्यात क्वचितच. कथील २३२, शिसं ३२७, जस्त ४२०, ॲल्युमिनियम ६६०, चांदी ९६२, सोनं १०६४, तांबं १०८५, लोखंड १५३८ आणि टंगस्टन ३४२२° से. हे आकडे ठरलेले आहेत. बिघडतं ते ओलावा, ऑक्साइड आणि घाई या तीन कारणांनी.

ओलावा सगळ्यात घातक. पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे १७०० पट होतं. ओलसर मुशीत (धातू वितळवायच्या भांड्यात), साच्यात किंवा भंगाराच्या पोकळीत पाण्याचा थेंब असेल आणि त्यावर वितळलेला धातू आला, तर तो थेंब स्फोट करतो. मूस आधी शंभर अंशांच्या बरीच वर तापवून पूर्ण कोरडी करून घ्यावी. मागाहून टाकायचा प्रत्येक तुकडा, ढवळायची सळई आणि मळी काढायची पळीसुद्धा भट्टीच्या कडेला गरम करूनच आत घालावी. धातू सांडण्याची शक्यता आहे तिथे काँक्रीटची जमीन नको. काँक्रीटमध्ये पाणी धरून ठेवलेलं असतं आणि तप्त धातू पडला की त्याचे कपचे उडतात. खाली कोरड्या वाळूचा थर द्यावा.

ॲल्युमिनियमचं उदाहरण घेऊ. धातू ६६० अंशांना वितळतो, पण त्याच्यावरची ऑक्साइडची साय दोन हजार अंशांच्याही वर वितळते. त्यामुळे पातळ पत्रा किंवा वर्ख मुशीत टाकला तर प्रत्येक तुकडा आपापल्या सालीत अडकून राहतो, एकमेकांत मिसळत नाही आणि निम्माअधिक माल राखाडी मळीत जातो. उपाय असा: आधी जाड तुकडे वितळवून तळाशी द्रव तयार करावा आणि पातळ माल त्याच्या पृष्ठभागाखाली दाबून बुडवावा. ओतताना धातू ७०० ते ७५० अंशांच्या दरम्यान असावा. त्याहून थंड असेल तर साच्याचे कोपरे भरत नाहीत. फार गरम असेल तर हवेतल्या ओलाव्यातून हायड्रोजन शोषला जातो आणि गोठताना तो बाहेर पडू लागल्याने ओतीव भागात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं राहतात. कापलेल्या भागावर अशी गोल, चकचकीत आतल्या भिंतीची छिद्रं दिसली तर साच्याला दोष देण्याआधी भट्टीचं तापमान तपासा.

पितळ वितळवताना त्यातलं जस्त ९०७ अंशांना उकळतं, म्हणजे पितळाच्या वितळण्याच्या आसपासच. वर उठणारा पांढरा धूर हा जस्ताचं ऑक्साइड आहे. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. शिशाच्या बाबतीत धोका याहून मोठा आणि साचत जाणारा आहे. ही कामं मोकळ्या हवेत आणि योग्य मुखवटा लावूनच करावीत.

प्रत्येक स्थायू वितळतोच का?

नाही. लाकूड, कागद, सुती कापड तापवलं तर रेणूच तुटतात: वायू निघून जातात आणि कोळसा उरतो. हवा पूर्ण काढून टाकली तरी लाकडाचा द्रव मिळत नाही. चुनखडी नेहमीच्या दाबाखाली ९०० अंशांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडून कळीचा चुना होते. बेकेलाइटसारखं एकदा पक्कं झालेलं प्लॅस्टिक पुन्हा मऊ होत नाही, करपतं. साखर सीमारेषेवर आहे: ती वितळते, पण त्याच वेळी तिचं विघटनही सुरू होतं. म्हणूनच साखरेच्या वितळणबिंदूचा आकडा तापवण्याच्या वेगानुसार बदलतो आणि तिचा द्रव तपकिरी होतो.

काच आणि डांबर कोणत्या तापमानाला वितळतात?

असा एक आकडा त्यांना नाही. त्यांच्यात स्फटिकांची शिस्तबद्ध रचनाच नसते, त्यामुळे ती एका क्षणी मोडण्याचा प्रश्न येत नाही. ते हळूहळू मऊ होत जातात. खिडकीची साधी काच ७०० अंशांच्या थोडं वर स्वतःच्या वजनाने वाकू लागते, १००० च्या आसपास मधासारखी ओढता येते आणि कारखान्याच्या भट्टीत तिचं मिश्रण १५०० अंशांपर्यंत नेतात, म्हणजे त्यातले बुडबुडे वर निघून जातात.

दोन पदार्थ मिसळले की ते कमी तापमानाला का वितळतात?

दुसऱ्या पदार्थाचे कण द्रवात विरघळतात आणि द्रव अवस्था जास्त टिकाऊ करतात. स्थायूच्या नेटक्या रचनेत मात्र त्यांना जागा नसते. परिणामी वितळणबिंदू खाली येतो. बारीक फोडलेला बर्फ ३ भाग आणि मीठ १ भाग, वजनाने, नीट मिसळलं तर मिश्रण −२१° से. पर्यंत उतरू शकतं. बर्फ वितळायला लागणारी उष्णता तो मिश्रणातूनच खेचतो. ढेकळं मोठी राहिली किंवा तळाशी पाणी साचू दिलं तर −१२ ते −१५ वरच अडकतं.

डाख देण्याच्या तारेतही हेच तत्त्व आहे. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं यांचं मिश्रण १८३ अंशांना वितळतं, म्हणजे दोन्ही मूळ धातूंच्या वितळणबिंदूंहून खाली, आणि एकाच तापमानाला, मधली लगद्यासारखी अवस्था न येता. प्रमाण बदललं तर ती लगद्याची अवस्था येते. गोठत असताना त्या वेळी तार हलली तर सांधा खडबडीत, निस्तेज आणि कच्चा राहतो.

प्रयोगशाळेत याच गोष्टीने शुद्धता तपासतात. एका टोकाला बंद केलेल्या, सुमारे १ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या काचनळीत कोरडी भुकटी २ ते ३ मिलिमीटर उंचीपर्यंत ठोकून भरा. अपेक्षित तापमानाच्या १५ अंश खाली येईपर्यंत भराभर तापवा, पुढे मिनिटाला १ ते २ अंशच. पहिला थेंब दिसला ते तापमान आणि शेवटचा कण गेला ते तापमान, दोन्ही लिहा. शुद्ध पदार्थात हे अंतर एखाद्या अंशाचं असतं. भेसळ किंवा ओलावा असेल तर सुरुवात लवकर होते आणि अंतर पसरतं. युरिया आणि सिनॅमिक आम्ल दोन्ही १३३ अंशांच्या आसपास वितळतात, पण एकत्र खललेली भुकटी त्याच्या बरीच खाली वितळते. नळीतली अनोळखी भुकटी यांपैकी कोणती, हे माहीत असलेल्या नमुन्यात ती मिसळून ठरवता येतं. फार सुंदर आणि फार स्वस्त कसोटी आहे ही.

मीठ पाण्यात टाकलं की तेही द्रवच होतं ना?

नाही. ते विरघळतं. वितळलेलं मीठ हवं असेल तर ८०१° से. पर्यंत जावं लागतं. विरघळण्याला दुसरा पदार्थ लागतो, वितळण्याला उष्णता.

कापूर, आयोडीन आणि कोरडा बर्फ थेट वायू होतात. मग त्यांचा द्रव करताच येत नाही का?

इथे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. आयोडीन ११३.७ अंशांना वितळतं. नॅप्थॅलिन ८० अंशांना, कापूर १७५ ते १८० च्या दरम्यान. तिघांच्याही त्रिकबिंदूचा दाब १ वातावरणाहून कमी आहे, त्यामुळे पुरेसं तापवलं तर ते साध्या हवेतही द्रव होतात. त्यांच्याकडून वाफ मात्र भरपूर निघते. उथळ बशीत सावकाश तापवलं तर वितळण्याआधीच सगळा नमुना उडून जातो आणि ‘हा द्रव होतच नाही’ असं वाटतं. बंद तोंडाच्या अरुंद नळीत जरा भरभर तापवा, द्रव दिसतो. आयोडीनची जांभळी वाफ डोळ्यांना आणि फुप्फुसांना इजा करते, म्हणून हे धूर ओढून नेणाऱ्या कपाटातच करावं.

कोरडा बर्फ, म्हणजे स्थायू कार्बन डायऑक्साइड, हे खरं उदाहरण आहे. त्याच्या त्रिकबिंदूचा दाब ५.११ वातावरण आहे, तापमान −५६.६° से. आपल्या भोवतालच्या दाबाखाली त्याचा द्रव असूच शकत नाही. −७८.५ अंशांना तो सरळ वायू होतो. दाब वाढवला की मात्र तो सोन्यासारखा वितळतो. ग्राफाइटचंही असंच आहे. साध्या दाबाखाली ते साडेतीन हजार अंशांच्या वर थेट वायुरूप होतं आणि द्रव कार्बनसाठी शंभर वातावरणांच्या पातळीचा दाब लागतो.

द्रव कार्बन डायऑक्साइड प्रत्यक्ष पाहता येतो का?

येतो, आणि साधन अगदी किरकोळ आहे: फुगीर टोकाचा, मऊ, पारदर्शक प्लॅस्टिकचा ड्रॉपर. डोळ्यांवर बंदिस्त सुरक्षा चष्मा आणि हातात जाड कोरडे हातमोजे हवेतच, आणि बाजूला जाणती मोठी व्यक्ती.

ड्रॉपरची बारीक नळी अर्धी कापून तोंड रुंद करा. कोरडा बर्फ फोडून तांदळाच्या दाण्याएवढे ८ ते १० कण फुग्यात सोडा. नळीचं तोंड दुमडून पकडीने घट्ट आवळा, हवा निसटता कामा नये. फुगा लगेच पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेल्यातल्या पाण्यात बुडवा. पाणी इथे उष्णता पुरवतं आणि फुगा फुटलाच तर धक्काही शोषतं. काही सेकंदांत फुगा ताठ होतो, कण कडेने ओलसर दिसू लागतात आणि मग तळाशी स्वच्छ, पाण्यासारखा पातळ द्रव जमतो. त्याच क्षणी पकड सैल करा. दाब सुटताच द्रव खळखळतो आणि डोळ्यांदेखत पुन्हा पांढरा हिमकण होतो. पकड परत आवळली तर पुन्हा द्रव. कण शिल्लक आहेत तोवर हे तीन-चार वेळा करता येतं.

द्रव दिसल्यावरही पकड धरून ठेवली तर फुगा मोठ्या आवाजासकट फुटतो. द्रव दिसतच नसेल तर पकडीपाशी गळती आहे. कोरडा बर्फ काचेच्या किंवा फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत बंद करणं म्हणजे बाँब बनवणं. तसं कधीही करू नये.

वायू नुसता दाबून द्रव करता येतो का?

त्याच्या क्रांतिक तापमानाखाली असाल तर येतो. त्याच्या वर कितीही दाबलात तरी नाही. कण इतके वेगाने धावत असतात की जवळ आणूनही एकमेकांना धरून ठेवू शकत नाहीत. वायू फक्त दाट होत जातो, द्रवाचा पृष्ठभाग कधीच तयार होत नाही. थॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ मध्ये कार्बन डायऑक्साइडवरच्या प्रयोगांतून ही मर्यादा स्पष्ट केली. त्याआधी ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन यांना ‘कायमचे वायू’ म्हणत, कारण प्रचंड दाबाखालीही ते बधले नव्हते.

| वायू | उत्कलनबिंदू (° से.) | क्रांतिक तापमान (° से.) | क्रांतिक दाब (वातावरण) |
|---|---|---|---|
| क्लोरीन | −३४ | १४४ | ७६ |
| अमोनिया | −३३ | १३२ | १११ |
| ब्युटेन | −०.५ | १५२ | ३७ |
| प्रोपेन | −४२ | ९७ | ४२ |
| कार्बन डायऑक्साइड | −७८.५ (थेट वायू) | ३१ | ७३ |
| मिथेन | −१६१.५ | −८२.६ | ४५ |
| ऑक्सिजन | −१८३ | −११८.६ | ५० |
| नायट्रोजन | −१९५.८ | −१४७ | ३३.५ |
| हायड्रोजन | −२५२.९ | −२४० | १३ |
| हीलियम | −२६८.९ | −२६८ | २.२ |

तिसरा स्तंभ आधी वाचा. तिथला आकडा खोलीच्या तापमानाहून वर असेल तर पंप पुरतो. खाली असेल तर आधी थंड करणं आलं. कार्बन डायऑक्साइड काठावर आहे: २०° से. ला तो ५७ वातावरणांच्या आसपास द्रव होतो, ३२ अंशांच्या खोलीत मात्र कोणत्याही दाबाला नाही.

पंपाशिवायही दाब निर्माण करता येतो. मायकेल फॅरडे यांनी १८२३ मध्ये क्लोरीन आणि पाणी यांचे स्फटिक वाकड्या काचनळीत घालून ती दोन्ही टोकांनी बंद केली आणि एक टोक तापवलं. सुटलेल्या क्लोरीनने बंद जागेत स्वतःच दाब वाढवला आणि नळीत पिवळा, तेलकट द्रव जमला. अशा नळ्या फुटत असत. आज हा प्रयोग कुणी करू नये.

पारदर्शक लायटरमधला द्रव काय असतो? आणि सिलिंडर पूर्ण का भरत नाहीत?

लायटरमध्ये ब्युटेन असतो. तो उजेडासमोर धरून तिरका करा: पाण्यापेक्षा चपळ हलणारा द्रव आणि त्याच्या वर वायूची मोकळी जागा दिसते. आतला दाब २०° से. ला फक्त २ वातावरणांच्या आसपास असतो. झडप उघडली की वरचा वायू निघतो, दाब किंचित पडतो आणि द्रवातून तेवढाच वायू पुन्हा तयार होतो.

म्हणूनच अशा सिलिंडरमध्ये किती माल उरला हे दाबमापक सांगत नाही. द्रवाचा शेवटचा थेंब असेपर्यंत दाब तापमानानुसारच राहतो. वजन करणं हाच खरा मार्ग. वायू भराभर काढला तर बाष्पीभवनाला लागणारी उष्णता द्रवातून जाते, सिलिंडर गार पडतो, द्रवाच्या पातळीपर्यंत बाहेर दव किंवा हिम जमतं आणि दाब घसरतो. शून्याच्या खालच्या थंडीत शुद्ध ब्युटेनचा दाब बाहेरच्या हवेहून कमी पडतो आणि तो बाहेर येतच नाही. तिथे प्रोपेनचं प्रमाण वाढवावं लागतं.

सिलिंडर ८० ते ८५ टक्क्यांहून जास्त द्रवाने भरत नाहीत. उष्णतेने द्रव प्रसरण पावतो आणि तो दाबला मात्र जवळजवळ जात नाही. वर वायूची उशी नसेल तर काही अंशांच्या वाढीनेही दाब भयंकर चढतो.

हवा द्रव कशी करतात?

कार्ल फॉन लिंडे यांनी १८९५ मध्ये यशस्वी केलेली पद्धत समजून घेतली की बाकीच्या यंत्रांचा पाया कळतो. दाबाखालचा वायू अरुंद झडपेतून कमी दाबाच्या जागेत सोडला की तो थोडा गार होतो. हा जूल आणि थॉमसन यांनी १८५२ मध्ये अभ्यासलेला परिणाम आहे. खोलीच्या तापमानाला हवेसाठी तो दर वातावरणामागे जेमतेम पाव अंश आहे. २०० वातावरणांवरून एकावर आणलं तरी ४० ते ४५ अंशांचीच घट मिळते, आणि हवेला तर जवळपास −१९० पर्यंत न्यायचं असतं.

युक्ती अशी, की झडपेतून बाहेर आलेली गार हवा फुकट घालवायची नाही. ती आत येणाऱ्या दाबाखालच्या हवेच्या नळीभोवती उलट दिशेने फिरवायची. येणारी हवा आधीच गार होऊन झडपेपाशी पोहोचते, तिथून आणखी गार होऊन निघते, मागून येणारीला अजून गार करते. असं चक्र चालू राहतं आणि शेवटी झडपेतून थेंब पडू लागतात.

काम या क्रमाने चालतं: हवा गाळणं, दाबणं, दाबल्याने आलेली उष्णता पाण्याने काढून घेणं, मग पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेणं, आणि त्यानंतरच थंड भागात सोडणं. हा शुद्धीकरणाचा टप्पा ढिला पडला तर बर्फ आणि गोठलेला कार्बन डायऑक्साइड आधी उष्णता बदलणाऱ्या नळ्यांत आणि मग झडपेत जमतो. खूण ठरलेली आहे: येणाऱ्या बाजूचा दाब हळूहळू चढतो आणि प्रवाह घटतो. अशा वेळी झडप जास्त उघडून काही साधत नाही. यंत्र थांबवून, कोरड्या गरम वायूने धुऊन काढावं लागतं. हवेतला ॲसिटिलीनसारखा अंशही साचू देत नाहीत. द्रव ऑक्सिजनमध्ये तो स्फोटक ठरतो.

आजची मोठी संयंत्रं हवा सुमारे ६ वातावरणांपर्यंतच दाबतात आणि मुख्य थंडावा झडपेऐवजी टर्बाइनमधून मिळवतात. टर्बाइन फिरवताना वायू काम करतो, त्यामुळे तो झडपेपेक्षा कितीतरी जास्त गार होतो. पुढे उंच स्तंभात नायट्रोजन (−१९५.८) आणि ऑक्सिजन (−१८३) यांच्या उत्कलनबिंदूंमधल्या फरकावर दोन्ही वेगळे होतात.

याच पद्धतीने हायड्रोजन आणि हीलियम द्रव का होत नाहीत?

खोलीच्या तापमानाला ते झडपेतून सोडले तर गार होण्याऐवजी किंचित गरम होतात. प्रत्येक वायूला एक उलटापालटीचं तापमान असतं, त्याच्या खालीच प्रसरणाने गारवा मिळतो. हायड्रोजनसाठी ते −७० ते −८० अंशांच्या आसपास आहे, हीलियमसाठी −२३० च्या आसपास. म्हणून हायड्रोजनला आधी द्रव नायट्रोजनने किंवा द्रव हवेने गार करतात. जेम्स ड्यूअर यांनी १८९८ मध्ये तो द्रव केला. हाइके कामरलिंग ओनेस यांनी १० जुलै १९०८ रोजी लायडनमध्ये द्रव हायड्रोजनचा आधार घेऊन हीलियम द्रव केला.

हायड्रोजनची आणखी एक खोड आहे. त्याचे रेणू ऑर्थो आणि पॅरा अशा दोन प्रकारचे असतात. खोलीत ७५ टक्के ऑर्थो असतात, −२५३ अंशांना स्थिर असतात ते जवळजवळ सगळे पॅरा. हा बदल आपणहून फार सावकाश होतो आणि होताना ग्रॅममागे सुमारे ५२७ जूल सोडतो. द्रव हायड्रोजनचं बाष्पीभवन व्हायला त्याहून कमी, सुमारे ४४६ जूल पुरतात. म्हणजे उत्तम टाकीत ठेवलेला द्रवही काही दिवसांत आतूनच उकळून जाऊ शकतो. त्यामुळे गार करतानाच लोहाच्या ऑक्साइडसारख्या उत्प्रेरकावरून नेऊन हा बदल आधीच पूर्ण करून घेतात.

वाफेचं पाणी करताना थंड नळीतून वाफ तशीच का निसटते?

बहुतेक वेळा थंड पाणी कमी पडतं. तासाला १ लीटर पाणी ऊर्ध्वपातित करायचं तर वाफेतून तासाला २२५७ किलोजूल काढून घ्यावे लागतात. थंड पाणी २० अंशांनी तापू द्यायचं ठरवलं तर त्याचा प्रवाह तासाला निदान २७ लीटर हवा. पाणी नळीच्या खालच्या टोकाने आत आणि वरच्या टोकाने बाहेर न्या. उलट जोडलं तर वरचा भाग रिकामा राहतो. नळीत अडकलेली हवा हे दुसरं कारण: ती भिंतीलगत थर धरते आणि वाफेला भिंतीपर्यंत पोहोचू देत नाही. द्रव जमा होणाऱ्या टोकाला उपकरण हवेशी मोकळंच असलं पाहिजे. सगळी तोंडं बुचांनी बंद करून तापवलं तर ते फुटणार.

द्रव नायट्रोजन हाताळताना थंडीने भाजण्याखेरीज कशाची भीती असते?

तीन गोष्टींची. पहिली, बंद तोंड. १ लीटर द्रवाचा खोलीच्या तापमानाला सुमारे ७०० लीटर वायू होतो. त्याच्या भांड्याला घट्ट झाकण कधीच लावत नाहीत, सैल टोपणच असतं. दुसरी, श्वास. ३ मीटर लांब, रुंद आणि उंच अशा बंद खोलीत १० लीटर द्रव सांडून वायू झाला, तर हवेतला ऑक्सिजन २१ वरून १६ टक्क्यांच्या आसपास येतो. नायट्रोजनला रंग नाही, वास नाही आणि गुदमरल्याची जाणीवही होत नाही, म्हणून खोलीत ऑक्सिजनमापक हवाच.

तिसरी सहज लक्षात येत नाही. द्रव नायट्रोजन −१९६ अंशांचा, ऑक्सिजन द्रव होतो −१८३ ला. त्यामुळे द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेल्या काचेच्या सापळ्यातून (पंपाकडे जाणारी वाफ थंड करून अडवणाऱ्या नळीतून) हवा खेचली जात राहिली, तर तिच्यातला ऑक्सिजन आत द्रव होऊन साचतो. सापळा बाहेर काढल्यावर तळाशी फिकट निळा द्रव दिसला तर तो हाच. त्यात विद्रावकाचा अंश असेल तर ते स्फोटक मिश्रण आहे. पंप बंद करू नका, सापळा कशानेही बंद करू नका, धूर ओढून नेणाऱ्या कपाटाची काच खाली ओढा, सगळ्यांना दूर न्या आणि तो आपोआप उडून जाईपर्यंत वाट पाहा.